मॅडनमध्ये खेळाडू खरे धावताना दिसावेत म्हणून

मॅडन एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये सगळे खेळाडू बर्फावरून घसरल्यासारखे पळत असतील, तर आधी वेगातला फरक तपासा. खऱ्या मैदानावर चपळ रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) ४० यार्ड साधारण ४.४ सेकंदांत काढतो. दीडशे किलोच्या जवळ जाणाऱ्या लाइनमनला (पुढच्या फळीतल्या धिप्पाड खेळाडूला) ५.२ सेकंद लागतात. म्हणजे रिसीव्हर ४० यार्डांवर पोचतो तेव्हा लाइनमन ३४ यार्डांच्या आसपासच असायला हवा.

प्रॅक्टिस मोडमध्ये दोघांना आळीपाळीने स्वतः चालवा आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर वेळ घ्या. लाइनमनला साधारण १८ टक्के जास्त वेळ लागला पाहिजे. सेकंदांपेक्षा हे प्रमाण बघा, कारण गेम स्पीड बदलला की दोघांचेही आकडे बदलतात. प्रमाण कमी भरलं तर सेटिंग्जमधला प्लेयर स्पीड पॅरिटी स्लायडर (खेळाडूंच्या वेगातला फरक कमी-जास्त करणारा) एका वेळी पाचच अंक हलवा आणि पुन्हा मोजा. एकदम वीस अंक सरकवले, की कशामुळे काय बदललं ते कळत नाही.

पण माझ्या मते अर्धी चूक आपल्या बोटांची असते. स्नॅप झाल्या झाल्या (म्हणजे बॉल मागे देऊन खेळी सुरू होताच) स्प्रिंटचं बटण दाबून धरायची सवय सोडा. बॉल घेतलेला धावपटू ब्लॉकरच्या (विरोधकांना अडवून वाट करून देणाऱ्या साथीदाराच्या) मागे असेपर्यंत त्याला साध्या चालीने जाऊ द्या, वळण घेऊ द्या, आणि फट दिसली की मगच स्प्रिंट. पूर्ण वेगात कंट्रोलरची स्टिक वळवली तर तो मोठा गोल घेतो. बटण सोडून वळवली, तर पाय रोवून जागच्या जागी दिशा बदलतो. ते बघायला फार छान वाटतं.