अँकायलोसिंग स्पॉन्डिलायटिस असेल तर पाठ सरळ कशी राखावी

पोक काढून बसल्यानं संधिवात होतो, असा आपल्याकडे पक्का समज आहे. तसं होत नाही. पण एक संधिवात असा आहे की तो मणक्यात शिरल्यावर तुम्ही कसे बसता आणि कसे झोपता यावर पुढचं बरंच काही ठरतं. त्याचं नाव अँकायलोसिंग स्पॉन्डिलायटिस, थोडक्यात एएस.

यात लिगामेंट, म्हणजे हाडांना हाडं बांधणारे चिवट पट्टे, जिथे हाडाला चिकटतात तिथे सूज येते. सुरुवात बहुधा कमरेच्या तळाशी, माकडहाडाच्या वरच्या दोन सांध्यांत होते. सूज ओसरताना त्या जागी नवं हाड धरतं आणि काही रुग्णांत वर्षानुवर्षांनी मणके एकमेकांना जोडले जातात. दुखत असलं की पुढे वाकून बरं वाटतं, म्हणून माणूस वाकलेलाच राहतो, आणि मणकेही त्याच बाकात जोडले जातात. मग समोरच्याच्या डोळ्याला डोळा देऊन बोलणंही जड जातं. सगळ्यांवर ही वेळ येत नाही. ती येऊ नये, आणि मणके आखडलेच तर सरळ आखडावेत, यासाठी हे करा.

१. आधी निदान पक्कं करा. दुखणं बहुधा ४५ वर्षांच्या आत सुरू होतं आणि ३ महिन्यांहून जास्त टिकतं. सकाळी कंबर अर्धा तास किंवा त्याहून जास्त वेळ आखडलेली राहते. पडून राहिलं की वाढतं, हिंडूफिरू लागलं की सैल होतं. पहाटे जाग येते. कधी उजवा कुल्ला दुखतो, कधी डावा. अशी लक्षणं असतील तर ‘कंबर धरली असेल’ म्हणून बाम चोळत वर्षं घालवू नका, संधिवाततज्ज्ञाला दाखवा. सुरुवातीला एक्स-रे साफ येऊ शकतो, एमआरआयमध्ये सूज आधी दिसते. एचएलए-बी२७ ही रक्ततपासणी मदतीची आहे, पण ती पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार आहेच असं नाही.

२. भिंतीपाशी मोजमाप घ्या. अनवाणी, भिंतीला टाचा, कुल्ले आणि पाठ टेकवून उभे राहा. हनुवटी नेहमीच्या पातळीत ठेवून डोक्याची मागची बाजू टेकते का बघा. हनुवटी वर करून डोकं टेकवणं सोपं असतं, पण ते धरायचं नाही. टेकत नसेल तर डोकं आणि भिंत यांमधलं अंतर घरच्या कुणाला पट्टीनं मोजायला सांगा आणि तारखेसह वहीत लिहा. मग टेप छातीभोवती, स्तनाग्रांच्या पातळीत गुंडाळा. पूर्ण श्वास सोडून एक माप, पूर्ण घेऊन दुसरं. फरक २.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर बरगड्यांचे सांधे आखडत असण्याची शक्यता असते, डॉक्टरांना सांगा. महिन्यातून एकदा मोजलं तरी पुरे.

३. रोज पालथे पडा. एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. चटईवर किंवा कडक गादीवर पालथं पडायचं, कपाळाखाली घडी केलेला पंचा, हात बाजूला सैल. पुढे वाकलेले खुबे आणि पाठ यांना शरीराच्या वजनानंच ताण मिळतो. सुरुवातीला ५ मिनिटंही नकोशी वाटतात, तेव्हा छातीखाली पातळ उशी घ्या. हळूहळू १५ ते २० मिनिटांवर जा. गरम पाण्यानं आंघोळ झाल्यावर अंग मोकळं असतं, तेव्हा हे सोपं जातं. मानेला झेपत असेल तर मधून मधून तोंड एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवा.

४. उशी आणि गादी बदला. मधे खड्डा पडलेली जुनी कापसाची गादी नको. मानेला सोसेल तितकी पातळ उशी घ्या. गुडघ्यांखाली लोड घेऊन झोपायची सवय मोडा, त्यानं खुबे वाकलेल्या स्थितीत आखडतात.

५. बसताना. मोबाईल डोळ्यांसमोर धरा. अर्ध्या तासानं उठा, भिंतीला पाठ लावा, ४-५ दीर्घ श्वास घ्या. पोहता येत असेल तर उत्तमच.

६. मान-पाठ मोडून घेऊ नका. सलूनमध्ये दाढीनंतर मान कडकन मोडून देतात, कुणी पाठीवर पाय देऊन ‘मणका बसवतात’. हे अजिबात नको. जोडलेला मणका ठिसूळ असतो, झटक्यानं मोडू शकतो आणि मज्जारज्जूला इजा होऊ शकते. भुजंगासन, सूर्यनमस्कार यांपैकी काय चालेल ते फिजिओथेरपिस्टला विचारून ठरवा.

व्यायाम औषधाची जागा घेत नाही. वेदनाशामक गोळ्या असोत वा बायोलॉजिक (शरीरातले सूज घडवणारे घटक रोखणारी) इंजेक्शनं, बरं वाटलं म्हणून परस्पर बंद करू नका. तंबाखू ओढत असाल तर सोडा, धूम्रपान करणाऱ्यांत मणक्याचं नुकसान जास्त दिसतं. डोळा लाल होऊन दुखू लागला आणि उजेड सोसेना, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. बाथरूममध्ये साधं घसरून पडल्यावर मान-पाठीत नवं दुखणं सुरू झालं, तर हलू नका, रुग्णवाहिका बोलवा आणि एएस आहे हे सगळ्यात आधी सांगा.