जात्यावरच्या ओव्यांवर संशोधन करायचं असेल तर

बायकांचं जगणं, जात, देवधर्म यांचा अभ्यास करायला जात्यावरची ओवी हे फार मोलाचं साधन आहे. पण नुसते शब्द जमवून भागत नाही. कुणी गायली, कुणासोबत, कुणाकडून शिकली, हे त्याच दिवशी टिपलं नाही तर ओवी अर्धीच हाती येते.

गावात जाण्याआधी आधीचं काम ऐका. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी १९८० च्या दशकापासून जमवलेल्या १ लाखाहून अधिक ओव्या आता ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, ग्रामीण भारताचा ऑनलाइन संग्रह) संकेतस्थळावर टप्प्याटप्प्याने येत आहेत. सीता, विठ्ठल, भाऊबहीण, बाबासाहेब असे विषय तिथे सापडतात. एकच ओवी दोन गावांत कशी बदलते, हे पाहूनच प्रश्न ठरवा.

घरोघरी पिठाच्या गिरणीचं दळण येऊ लागल्यापासून जातं बरंचसं लग्नातल्या हळदीपुरतं उरलं आहे. म्हणून गाणाऱ्या बहुतेक वयस्क. दुपारी कामं आटोपल्यावर, बरोबरीच्या दोनतीन बायका असताना बसा. सासू किंवा मुलगा समोर असला की सासुरवासाच्या ओव्या गळतात.

ध्वनिमुद्रण दोनदा करा. एकदा जातं फिरवताना, कारण हाताच्या लयीवरच पुढची ओळ आठवते. दुसऱ्यांदा जातं थांबवून, कारण घरघरीत शब्द बुडतात. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, दगडाकडे पाठ करून. फाइल डब्ल्यूएव्ही, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. फोनवर करत असाल तर आवाज गाळणारी सोय बंद ठेवा, नाहीतर जात्याचा आवाजच पुसला जातो. सुरुवातीला तारीख आणि गाव बोलून घ्या. एक बाई उचलते, दुसरी झेलते. कुणी कुठली ओळ म्हटली तेही लिहा.

संमती तोंडी घ्या आणि मुद्रणातच ठेवा. कागदावर अंगठा मागितला की धास्ती वाटते. नाव द्यायचं का, हे गाऊन झाल्यावर पुन्हा विचारा. कुठल्या ओवीत घरातलं काय आलं ते तेव्हाच तिच्या लक्षात येतं.

तासाभराच्या मुद्रणाचं लेखन करायला सहाआठ तास सहज लागतात. ‘इठ्ठल’, ‘न्हाई’ तसंच लिहा; शोधण्यासाठी प्रमाण रूप शेजारच्या रकान्यात. ‘सांगते बाई’सारखे भरीचे शब्द गाळू नका, लय त्यांच्यावर उभी असते.

विश्लेषणात सगळ्यात जास्त घसरण एकाच ठिकाणी होते: ओवी म्हणजे गाणारीचं आत्मचरित्र असं धरलं जातं. भाऊ नसलेली बाईही भावाची ओवी गाते. सीतेच्या वनवासात तिचं स्वतःचं दुःख असेल किंवा नसेलही, म्हणून तिलाच विचारा, “मावशी, ही ओवी तुम्ही कधी म्हणता?” जात, शेती, माहेर यांची चौकशी ओळख झाल्यावर, शेवटी.

लेखन झालं की परत जाऊन ते गाणारीला वाचून दाखवा. ती सुधारणा सांगेल. जुना पाठ खोडू नका. तिची सुधारणा तारखेसह शेजारी लिहा आणि मुद्रणाची प्रत तिच्या घरच्या फोनवर देऊन या.