कच्छच्या न्युम्युलाइट्सकडून स्वालबार्डच्या डायनोसिस्टकडे

वडोदऱ्यात भूशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याची सूक्ष्मजीवाश्मांशी पहिली ओळख बहुधा कच्छच्या सहलीत होते. तेथील इओसीन काळातील (सुमारे ५.६ ते ३.४ कोटी वर्षांपूर्वीच्या) चुनखडीतील न्युम्युलाइट्स, म्हणजे एकपेशीय सागरी जीवांची नाण्यासारखी कवचे, नुसत्या डोळ्यांनाही दिसतात. माझी सुरुवात त्यांच्यापासूनच झाली; परंतु पुढे आर्क्टिकमधील स्वालबार्ड या नॉर्वेच्या द्वीपसमूहातील पॅलिओजीन (सुमारे ६.६ ते २.३ कोटी वर्षांपूर्वीच्या) शेलचे, म्हणजे चिकणमातीपासून बनलेल्या पातळ थरांच्या खडकाचे, नमुने हाती आले, तेव्हा ती शिदोरी अपुरी पडली. त्या खडकांत चुनखडीयुक्त कवचे क्वचितच टिकलेली असतात, म्हणून वय ठरवण्याचा भार डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय जलचरांच्या सिस्ट (सुप्तावस्थेतील कवचे, म्हणजेच डायनोसिस्ट), परागकण आणि बीजाणू यांच्यावर येतो. त्यांच्या भिंती सेंद्रिय द्रव्याच्या असल्यामुळे आम्लात खडक विरघळला तरी त्या उरतात.

हे अवशेष खडकातून वेगळे करताना आधी हायड्रोक्लोरिक आम्लाने कार्बोनेट काढून टाकावे आणि मगच सिलिकेटसाठी हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरावे. हा क्रम उलटल्यास कॅल्शियम फ्लोराइडचा साका सगळ्या अवशेषात मिसळतो. हायड्रोफ्लोरिकचे सौम्य द्रावण अंगावर पडले तर वेदना लगेच जाणवतेच असे नाही, म्हणून अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीशिवाय आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल हाताशी असल्याशिवाय नवागताने या कामाला हात लावू नये.

खरी कसोटी सूक्ष्मदर्शकाखाली लागते. सुमारे ५.६ कोटी वर्षांपूर्वी, पॅलिओसीन-इओसीन संधिकाळातील तीव्र तापमानवाढीत, अपेक्टोडिनियम या डायनोफ्लॅजेलेटांच्या उष्णताप्रिय प्रजातीसमूहाची जगभर भरभराट झाली आणि तो आर्क्टिकपर्यंत पोहोचला. स्वालबार्डच्या शेलमध्ये तो विपुल दिसू लागला की वयाचा एक भक्कम आधार मिळतो, आणि त्याच थरांत ज्वालामुखीय राखेतील झिरकॉन या खनिजाचे स्फटिक असतील तर युरेनियम-शिसे पद्धतीने त्याला वर्षांचा आकडाही जोडता येतो. मात्र एखाददुसऱ्या सिस्टवर विसंबून वय लिहू नये, कारण जुन्या खडकांची झीज होऊन त्यांतील बीजाणू नव्या गाळात सहज मिसळतात.

अशी सरमिसळ ओळखण्यासाठी पुस्तके रंगाकडे बोट दाखवतात, कारण जुन्या खडकांत खोल गाडले जाऊन जास्त तापलेले कण पिवळ्याकडून तपकिरी आणि काळ्याकडे झुकतात. स्वालबार्डमध्ये ही खूण माझ्या मते अर्धीच उपयोगी ठरते: खोल गाडले गेल्यामुळे तेथील मूळचे कणही पुष्कळदा काळवंडलेले असतात. ते उजळण्यासाठी नायट्रिक आम्ल वापरतात, पण त्याने रंगाचा पुरावा पुसला जातो आणि वेळेचे भान न राहिल्यास नाजूक सिस्टही नष्ट होतात. म्हणून प्रत्येक नमुन्याची एक स्लाइड आम्लाने न उजळता राखून ठेवावी.

गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्रामार्फत स्वालबार्डमधील न्यू-ऑलेसुंड येथील ‘हिमाद्री’ हे भारतीय स्थानक २००८ पासून चालते. तरीही या विषयाची सुरुवात करायला ध्रुवावर जाण्याची गरज नाही. कच्छच्या ज्युरासिक शेलमधून डायनोसिस्ट वेगळ्या करून ओळखण्याचा सराव वडोदऱ्यात राहूनही करता येतो, आणि एखाद्या ध्रुवीय प्रकल्पासाठी अर्ज करण्यापूर्वी तो अवश्य करावा.