लग्नपत्रिका कशी करावी: आधी मजकूर, मग कार्ड

लग्न ठरलं की मंडळी पहिल्याच रविवारी दुकानात जातात, ढीगभर नमुने उलटतात आणि सोनेरी मोराचं एक कार्ड पसंत करून घरी येतात. मजकुराचा विषय त्यानंतर निघतो. हा क्रम उलटा आहे. पत्रिकेत किती नावं जाणार, हळद आणि स्वागतसमारंभ त्याच कार्डावर छापायचे की वेगळ्या चिठ्ठीवर, हे ठरल्याशिवाय कार्डाचा आकार ठरूच शकत नाही. मग छोट्या देखण्या कार्डात सगळे आप्तेष्ट कोंबले जातात आणि अक्षर इतकं बारीक होतं की ज्यांच्यासाठी पत्रिका छापली त्या वडीलधाऱ्यांनाच ती वाचता येत नाही.

नात्यातल्या आणि ओळखीतल्या अनेक पत्रिकांचा मजकूर मी लिहिला आहे, प्रूफं, म्हणजे छपाईआधी तपासायला मिळणारे नमुने, तपासली आहेत. कागद, रंग, पाकीट यांत फारसं काही बिघडत नाही. बिघडतं ते मजकुरात आणि प्रूफात, म्हणून इथे मी जास्त वेळ त्यांनाच देणार आहे.

संख्या ठरवा

माणसं मोजू नका, घरं मोजा. पाकिटं मात्र पत्रिकांपेक्षा थोडी जास्त घ्या, नावं लिहिताना ती खराब होतातच.

नावं लेखी मागवा

दोन्ही घरांतून एकेकच माणूस नेमा आणि शेवटचा शब्द त्याचा, हे सगळ्यांसमोर ठरवून टाका. त्या माणसाने प्रत्येक नाव ज्याचं त्याच्याकडून लिहून घ्यायचं. फोनवरून ऐकलेलं नाव छापायला देऊ नका. गोऱ्हे, कऱ्हाडकर, वैशंपायन ही नावं ऐकून लिहिणारा हमखास कुठेतरी चुकतो.

वधूवरांची नावं आधार कार्डावर आहेत तशीच पूर्ण लिहा. महाराष्ट्रात विवाहनोंदणीच्या वेळी लग्नपत्रिका मागतात. पत्रिकेत लाडकं नाव आणि कागदपत्रांत दुसरं असलं की खेटे सुरू होतात. लाडकं नाव हवंच असेल तर ते पूर्ण नावाच्या जोडीला छापा.

मजकूर लिहा

यमक जुळवलेल्या तयार चारोळ्या फिरत असतात, त्या घेऊ नका. एकच चारोळी चार घरांच्या पत्रिकांवर वाचली की कुणाचंच निमंत्रण मनापासूनचं वाटत नाही. आपला जुना साचा उत्तम आहे. त्यात कोण, कुणाचं, कधी, कुठे हे सगळं एका दमात येतं:

॥ श्री गजानन प्रसन्न ॥
॥ (कुलदैवत) प्रसन्न ॥

स. न. वि. वि.
आमचे येथे श्रीकृपेकरून आमची ज्येष्ठ कन्या चि. सौ. कां. … आणि … येथील सौ. … व श्री. … यांचे कनिष्ठ चिरंजीव चि. … यांचा शुभविवाह मिती … शके …, …वार, दिनांक … रोजी दुपारी … वाजून … मिनिटांनी या शुभमुहूर्तावर करण्याचे योजिले आहे. तरी या मंगलप्रसंगी आपण सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत, ही विनंती.

यातल्या ‘आणि’वर माझा हट्ट असतो. ‘हिचा विवाह … यांच्याशी’ असं लिहिलं की एक ‘हिचा’ होते आणि दुसरा ‘यांच्याशी’. लग्न दोघांचं आहे, तर दोघांना ‘यांचा’ म्हणावं. पदवी लिहायची तर दोघांचीही लिहा, नाहीतर कुणाचीच नको.

वरपक्ष आणि वधूपक्ष वेगळ्या पत्रिका छापत असतील तर दोन मजकूर स्वतंत्र लिहा. एकाची नक्कल करून फक्त नावांची अदलाबदल केली की कुठेतरी ‘आमची कन्या’ तशीच राहते, किंवा समोरच्यांचे मामा आपल्या आप्तेष्टांत येऊन बसतात.

वडील हयात नसतील तर आईला निमंत्रक म्हणून पहिलं स्थान द्या. ‘श्रीमती’ लिहा आणि नाव ठळक छापा. ‘गं. भा.’ ही अक्षरं तिच्या नावामागे इतरांनी परस्पर लावू नयेत. जिने एकटीने मुलं वाढवली, तिचं नाव यादीच्या तळाशी आणि दिरांची नावं वर, अशा पत्रिका मी पाहिल्या आहेत आणि मजकूर माझ्याकडे आला तेव्हा बदलूनही घेतल्या आहेत. वडिलांचं नाव ‘कै.’ लावून ओळखीत येऊ द्या, निमंत्रकांत नको. निमंत्रण जिवंत माणसं देतात.

आप्तेष्टांच्या यादीत मामांचं नाव आधी बघा. ते राहिलं तर लग्नाच्या दिवसापर्यंत त्याची आठवण निघत राहते. यादी फार लांबत असेल तर काही नावं गाळण्यापेक्षा ‘समस्त … परिवार’ लिहा. अर्धी यादी सगळ्यात जास्त दुखावते. घरात लहान मुलं असतील तर ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!’ ही ओळ जरूर ठेवा, मला ती प्रत्येक वेळी आवडते. ‘हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे’ मात्र सगळ्या पत्रिकांवर छापू नका. ती ओळ पोस्टाने किंवा फोनवर पाठवायच्या पत्रिकेची आहे. हातात पत्रिका देऊन, नमस्कार करून बोलावलेल्या माणसाने ती का वाचावी?

आहेर नको असेल तर ‘कृपया आहेर आणू नये’ असं सरळ लिहा. गोलमोल वाक्य लिहिलं तर लोक पाकीट घेऊन येतातच.

तिथीची ओळ

ही एक ओळ पुऱ्या मजकुराइतका वेळ खाते, कारण ती सगळे कुठून तरी उतरवतात.

शक इसवी सनातून ७८ वजा करून मिळतो, पण गुढीपाडव्यानंतरच. जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९ वजा करायचे. २०२६ साली पाडवा १९ मार्चला आहे. म्हणजे त्या फेब्रुवारीतल्या लग्नाच्या पत्रिकेवर शके १९४७ आणि एप्रिलमधल्या लग्नाच्या पत्रिकेवर १९४८.

दुसरा घोटाळा महिन्याचा. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तर भारतातला पौर्णिमेला. त्यामुळे शुद्ध पक्षात दोन्हीकडे एकच महिना असतो आणि वद्य पक्षात त्यांचा महिना एकाने पुढे असतो. महाशिवरात्र आपल्याकडे माघ वद्य चतुर्दशी, त्यांच्याकडे तीच फाल्गुन कृष्ण चतुर्दशी. मोबाईलवरची बरीचशी पंचांगं हिंदी पद्धतीची असतात. तिथून तिथी उचलली की पत्रिकेवर चुकीचा महिना जातो, आणि घरातल्या आजीच्या ते पहिल्या वाचनातच लक्षात येतं.

म्हणून गुरुजींनी ज्या पंचांगातून मुहूर्त काढला, त्याच पंचांगातली तिथी त्यांच्याकडूनच लिहून घ्या. वार आणि तारीख जुळते का, ते स्वतः कॅलेंडरवर बोट ठेवून पाहा. मुहूर्त आणि भोजनाची वेळ दोन वेगळ्या ओळींत छापा.

स्थळ लिहिताना गाव, तालुका, जिल्हा तिन्ही हवेत. एकाच नावाची गावं महाराष्ट्रात कितीतरी आहेत.

प्रूफ: इथे घाई करू नका

तुम्ही मजकूर मोबाईलवर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर तसाच दिसणाऱ्या अक्षरांत, लिहून पाठवता. छापखान्यातला ऑपरेटर बऱ्याचदा श्रीलिपीसारखा जुन्या पद्धतीचा फाँट वापरत असतो. तो एकतर सगळं पुन्हा टाइप करतो किंवा कन्व्हर्टरमधून, म्हणजे युनिकोडची अक्षरं जुन्या फाँटमध्ये बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, काढतो. दोन्हीत अक्षरं हलतात. कन्व्हर्टर कुठे चुकतो ते पाठच करून ठेवा: रफार, जोडाक्षराला लागलेली पहिली वेलांटी, ‘ऱ्हा’ आणि ‘ऱ्या’, ‘ॲड.’मधला ॲ, ‘ज्ञ’, ‘श्र’, आणि ‘वाङ्निश्चय’मधला ङ्. जुन्या फाँटमध्ये विरामचिन्हांच्या जागी काही वेळा अक्षरंच बसवलेली असतात, त्यामुळे एखाद्या कंसाचं किंवा अवतरणचिन्हाचं भलतंच अक्षर होऊन बसतं.

युनिकोड फाँट वापरणारा छापखाना असला तरी निर्धास्त होऊ नका. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सोय चालू केलेली नसेल तर वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं हलन्तासकट सुटी पडतात. शिवाय ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत का ते बघा. तिरो देवनागरी मराठी हा मोफत मिळणारा फाँट या बाबतीत चांगला आहे. नावांसाठी ठळक काही हवं असेल तर मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बालू’ हे फाँट बघा.

डिझायनरला दोन गोष्टी बजावून सांगा. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, कारण शिरोरेषा तुटते. रोमन लिपीत शोभणारी ही युक्ती देवनागरीत शब्दाचे तुकडे करते. आणि ओळींमध्ये पुरेशी जागा सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर आपटतो.

आता प्रत्यक्ष वाचन. मोबाईलच्या पडद्यावर प्रूफ पास करणं बंद करा, हे मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो. बोटांनी मोठं करून पाहिलं की डोळा एका शब्दावर राहतो आणि शेजारची गळलेली ओळ दिसत नाही. मूळ आकारात कागदावर छापून घ्या. दोन माणसं बसा. एकाच्या हातात लेखी नावांचा कागद, दुसऱ्याच्या हातात प्रूफ. प्रूफवाल्याने मोठ्याने वाचायचं, तेही अक्षर सोडवत: ‘ज्येष्ठ, ज ला य, ष ला ठ’. पहिल्या वाचनात फक्त नावं. दुसऱ्यात फक्त आकडे: तारीख, वार, शके, वेळ, फोन. फोन नंबर तर तिथल्या तिथे लावून बघा. तिसऱ्या वाचनात बाकीचा मजकूर. तिन्ही एकदम करायला गेलात तर एकही नीट होत नाही.

नेहमी चुकणारे शब्द हे: ‘आशीर्वाद’मध्ये रफार ‘वा’वर असतो, ‘आर्शिवाद’ नव्हे. ज्येष्ठ आणि कनिष्ठ यांत ‘ष्ठ’, पण आप्तेष्टमध्ये ‘ष्ट’. मुहूर्तातला ‘हू’ दीर्घ. चिरंजीवमधला ‘जी’ दीर्घ. वधूमधला ‘धू’ दीर्घ. उपस्थितीमध्ये ‘स्थि’ ऱ्हस्व आणि शेवटचा ‘ती’ दीर्घ. हे शब्द जवळजवळ प्रत्येक पत्रिकेत असतात आणि जवळजवळ प्रत्येक पहिल्या प्रूफात त्यांतला एखादा चुकलेला असतो.

दुरुस्ती सांगितली की नवं प्रूफ पूर्ण वाचा, फक्त दुरुस्त केलेली जागा नव्हे. एक शब्द सुधारताना ओळ सरकते आणि शेजारचं नाव खाली ढकललं जातं, कधी गळूनही पडतं. शेवटी सही करून प्रूफ द्या, त्याचा फोटो ठेवा, आणि त्यानंतर ‘अहो, एवढं एक नाव घाला’ असा फोन कुणीही करायचा नाही. तोंडी सांगितलेली शेवटची दुरुस्ती हीच बहुतेक वेळा शेवटची चूक असते. छापायची फाइल पीडीएफ हवी आणि अक्षरं कर्व्हजमध्ये, म्हणजे चित्रासारख्या रेषांत, बदललेली, मग दुसऱ्या यंत्रावर फाँट बदलत नाही.

क्यूआर कोड टाकत असाल तर तो सोनेरी फॉइलमध्ये छापू नका, चकाकीमुळे कॅमेऱ्याला वाचता येत नाही. फिक्या कागदावर गडद शाई, आणि चौकोन निदान दोन सेंटिमीटरचा. काही मोफत संकेतस्थळांचे कोड थोड्या दिवसांत बंद पडतात, म्हणून नकाशाचा दुवा थेट कोडमध्ये घाला. छापील प्रूफावरूनच तो उघडून बघा.

कार्ड आणि छपाई

आता दुकानात जा. मुंबईत असाल तर गिरगावातल्या कांदेवाडीत एक फेरी पुरते. कार्ड २५० ते ३०० जीएसएमचं (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) घ्या, त्यापेक्षा जाड कागद घडीवर फुटतो. गडद कागदावर सोनेरी अक्षर हवं असेल तर स्क्रीन प्रिंटिंग, आणि त्यासाठी जाडसर फाँट, नाहीतर मात्रा आणि अनुस्वार भरून जातात. मूळ मजकुराचं अक्षर ११ पॉइंटच्या खाली नेऊ नका.

पाकिटं भरणं

शाई पूर्ण वाळल्यावरच घड्या घाला. कोपऱ्यांना हळदकुंकू लावायचं तर कोरडं, बोटाने. ओल्या कुंकवाचा डाग आतल्या नावावर उतरतो. अक्षताही आदल्या दिवशी करून पसरून वाळवा आणि मगच पाकिटात घाला. पाकिटावर नाव हातानेच लिहा, ‘श्री. व सौ. … आणि परिवार’. छापील चिकटपट्टी लावू नका. पहिली पत्रिका देवापुढे, दुसरी मामांकडे, पुढची वाटणी भागवार करा आणि दिलेल्या घरावर वहीत खूण करा. पोस्टाने पाठवायच्या असतील तर एक भरलेलं पाकीट आधी पोस्टात नेऊन वजन करा, मग तिकिटं घ्या.

दोन-तीन कोऱ्या, घडी न पडलेल्या पत्रिका नोंदणीच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये आजच ठेवून द्या. वाटपाच्या गडबडीत त्या संपतात आणि मग कुणाकडून तरी परत मागून आणाव्या लागतात.