पापणीजवळची गाठ: या चुका टाळा

डोळ्यापाशी काही सुजलं की घरात निदान तयारच असतं: रांजणवाडी. तळहातावर बोट घासून शेक द्या, लवंग उगाळून लावा. खरी रांजणवाडी तशीही आठवड्याभरात बसते, श्रेय लवंगेला जातं. पण महिना उलटला, दुखत नाही, लालीही नाही, तरी शेकतच राहणं ही पहिली चूक.

बाळाच्या भुवईच्या बाहेरच्या टोकाला वाटाण्याएवढी गाठ चाचपून बघा. वरची कातडी सरकते, गाठ मात्र हाडाला धरून बसलेली. ही बहुधा डर्मॉइड. गर्भात कवटीची हाडं जुळताना त्वचेचा कण सांध्यात अडकतो आणि तिथेही त्वचेचंच काम करत राहतो, म्हणून आत केस आणि तेलकट मळ सापडतो. ती दाबून फोडू नका. आतला ऐवज पसरला की जबर सूज येते. अशीच गाठ नाकाच्या बाजूला असेल तर आधी स्कॅन, मग सुरी. तिथे मेंदूचं आवरण बाहेर आलेलं असू शकतं.

तान्ह्या बाळाच्या खालच्या पापणीत, नाकाकडे, क्वचित एक घट्ट गाठ मिळते. तिच्यात चक्क डोळ्याच्या भिंगाच्या पेशी असतात, वाट चुकून पापणीत आलेल्या! डोळ्यांच्या आजारांचे पॅथॉलॉजिस्ट लॉरेन्झ झिमरमन यांनी १९७१ मध्ये तिचं वर्णन केलं. पूर्ण काढली की विषय संपतो.

सगळ्यात महाग पडते ती अश्रुग्रंथीतली चूक. मोठ्या माणसाचा डोळा हळूहळू, न दुखता खाली आणि नाकाकडे सरकतोय, वर बाहेरच्या कोपऱ्यात टणक काही लागतंय, तर तो प्लिओमॉर्फिक अॅडिनोमा, म्हणजे अश्रुग्रंथीतली मुळात कर्करोग नसलेली गाठ, असू शकतो. इथे ‘आधी थोडा तुकडा तपासू’ हे शहाणपण अंगाशी येतं. वेष्टण फाटलं की पेशी सांडतात, गाठ वर्षांनी पुन्हा उगवते, कधी कर्करोग होऊन. स्कॅनवरून संशय आला की ती वेष्टणासकट अख्खी काढतात.

आणि कॅलेझिऑन (पापणीतली तेलग्रंथी तुंबून होणारी गाठ) म्हणून चिरा दिलेली गाठ त्याच जागी परत आली, तर पुन्हा नुसता निचरा करून घेऊ नका. ती पापणीच्या तेलग्रंथीच्या नळीची पिशवी असेल. उतारवयात त्याच ग्रंथीचा कर्करोगही असाच भासतो. काढलेला तुकडा पॅथॉलॉजीला गेला का, हे टेबलावरून उतरण्याआधी विचारा.