सतोपंथची तयारी, खिडकीच्या ग्रिलवर

गढवाल हिमालयातलं सतोपंथ शिखर ७०७५ मीटर आणि आमचं मुंबईतलं भांडुप जवळजवळ समुद्राच्या पातळीला. त्यामुळे जो तो आधी दम वाढवायच्या मागे लागतो. मीही लागले. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून रोज सात मजले, वीस फेऱ्या. शेवटच्या फेरीचं पाणी गच्चीतल्या कुंड्यांना. ते कराच. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा २८ दिवसांचा बेसिक कोर्सही करा, रजेवरून कितीही कुरकुर झाली तरी.

पण खरी गोम बोटांत आहे. सतोपंथला कॅम्प एकच्या पुढे सुरीच्या पात्यासारखी हिमाची धार लागते. तिथे फिक्स रोपवर, म्हणजे आधीच बांधून ठेवलेल्या दोरावर, प्रत्येक अँकरपाशी (दोर जिथे बर्फात किंवा खडकात पक्का केलेला असतो तिथे) जुमार, म्हणजे दोरावर फक्त वर सरकणारी पकड, काढून पुढच्या दोरावर लावायचा, तोही जाड हातमोज्यांतून.

म्हणून घरीच खिडकीच्या ग्रिलला दोराचे दोन तुकडे बांधा. वजन टाकायचं नाही, ग्रिल फक्त सरावापुरती. आधी सेफ्टी कॅराबिनर (कमरेच्या हार्नेसला, म्हणजे पट्ट्याला, जोडलेली स्क्रूची कडी) गाठीच्या पुढच्या दोरात, स्क्रू बंद, हाताने ओढून खात्री, मगच जुमार काढायचा. दोन्ही एकदम सुटे कधीच नाहीत. जुमारची स्लिंग (त्याला हार्नेसशी जोडणारी पट्टी) इतकीच लांब ठेवा, की तिच्यावर लटकलात तरी कोपर वाकवून जुमार हाताला लागेल. भांडुपच्या मे महिन्यात थंडी कुठली? मिनिटभर बर्फाच्या बादलीत हात घालायचे, पुसून हातमोजे चढवायचे. आमच्या ह्यांना वाटलं, हात भाजला!

उंचीचं थोडक्यात: ३००० मीटरच्या वर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त चढवू नका, तीन-चार दिवसांनी एक मुक्काम तिथेच. डोकं ठणकत असेल तर वर सरकायचं नाही. चालताना झोक जातोय किंवा बसल्या जागी धाप लागतेय, तर मध्यरात्र असली तरी खाली.

आता उतरण. लोणावळ्याच्या नागफणी कड्यावर माझ्या हातातून फिगर ऑफ एट, म्हणजे दोरावरून उतरायचं आठाच्या आकाराचं दोन भोकांचं साधन, निसटला. खालून टणत्कार ऐकू येईपर्यंत मी नुसती बघत राहिले. मग रुंद तोंडाच्या कॅराबिनरवर मुंटर हिच (दोराच्या घर्षणाने वेग आवरणारी गाठ) मारून उतरले. ती गाठ शिकाच. आणि एट हार्नेसवरून सुटा काढूच नका: कॅराबिनर मोठ्या भोकात ठेवा, दोराचा फास त्याच भोकातून घेऊन एटच्या मानेवर (दोन भोकांमधल्या अरुंद भागावर) चढवा, आणि मग कॅराबिनर छोट्या भोकात घ्या. तोवर एटला दोराने धरलेलं असतं.

हातमोज्यांसकट, दिवा घालवून, हे सलग दहा वेळा न अडखळता जमलं की रजेचा अर्ज टाका.