नागपूर-मुंबई तिकीट वेगळं काढू नका

परदेशी राहायला जाताय, तर बॅगांचा हिशोब तिकीट काढतानाच करा. नागपूर-मुंबई तिकीट वेगळं काढलं की तेवढ्या टप्प्याला साधारण १५ किलोच चालतात, पुढच्या विमानात २३-२३ किलोच्या दोन बॅगा मंजूर असल्या तरी! वरच्या प्रत्येक किलोचे पैसे लागतात. दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर असले, तर बहुधा परदेशी मर्यादाच नागपूरपासून लागू होते. तिकिटावर तपासून घ्या. तरीही वजन वाढतंच असेल, तर जादा किलो आधीच ऑनलाइन घ्या, काउंटरवर महाग पडतात. भरलेली बॅग गावातल्या किराणावाल्याच्या काट्यावर टाका; मोठी बॅग रिकामीच ४-५ किलो भरते. आई कुरड्या देणारच, घ्या. सुकं खोबरं मात्र नको, ते विमानात चालत नाही. पॉवर बँक हातातल्या बॅगेत.